प्रत्येक पोटदुखी म्हणजे जंत नव्हे

सिल्वासात पोराचं पोट बिघडलं की सगळ्यांचं उत्तर ठरलेलं: जंत झालेत. आमच्या चार वर्षांच्या मुलाला पातळ, तेलकट, घाण वासाचं शौच व्हायचं, पोट नगाऱ्यासारखं फुगायचं, वजन उतरत चाललेलं. कॉलनीजवळचे डॉक्टर दर वेळी जंतांचं अल्बेंडाझोल लिहून द्यायचे. "बेन, करमिया छे, बीजुं कंई नथी." शौच तपासायचं का, असं विचारलं तर म्हणाले, "आधी वडापाव बंद करा." आमच्याकडे वडापाव येतच नाही! आणि अंगणवाडीतली जंतांची गोळी त्याने 10 फेब्रुवारीला बाईंसमोर चावून खाल्ली होती.

शेवटी मीच लॅब गाठली. पहिला रिपोर्ट नॉर्मल. डॉक्टर काय हसले! लॅबमधल्या दादांनी मात्र सांगितलं, काही परजीवी रोजच्या रोज शौचात सापडत नाहीत, वेगवेगळ्या दिवशी तीन नमुने द्या. तिसऱ्यात जिआर्डिया निघाला. तो जंत नव्हेच. एका पेशीचा परजीवी, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. जंतांच्या एका गोळीने तो हटत नाही. कागद समोर ठेवला, तर डॉक्टर म्हणाले, "होतं असं." फी तेवढी पूर्ण घेतली. बालरोगतज्ज्ञांकडे औषध बदललं, तेव्हा पोर सावरलं.

म्हणून सांगते. नमुना कोरड्या, स्वच्छ डबीत घ्या, त्यात लघवी मिसळू देऊ नका, लगेच लॅबला पोचवा. एक रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून गप्प बसू नका. रात्री मूल गुदद्वाराशी खाजवत असेल तर ते बहुधा सुतासारखे बारीक जंत. ते शौचाच्या तपासणीत सहसा दिसत नाहीत. सकाळी धुण्याआधी तिथे चिकटपट्टी लावून ती तपासायला द्यावी लागते. ते निघाले तर सगळ्या घराने औषध घ्यायचं, दोन आठवड्यांनी पुन्हा. जिआर्डियाचं औषध वजनावर ठरतं, मेडिकलवाल्याच्या अंदाजाने नको. त्यासाठी दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल कडू असतं, मूल थुंकतं, तरी कोर्स पुरा करा. काही मुलांना नंतर काही आठवडे दूध पचत नाही, तेही विचारून घ्या.

बाकी पाणी उकळा, नखं कापा, हात साबणाने धुवा. फेब्रुवारी-ऑगस्टची सरकारी गोळी चुकवू नका. ती जंतांसाठी चांगलीच आहे. पण ती घेऊनही दुखणं राहिलं तर तपासणी मागा. डॉक्टर चिडले, तर डॉक्टर बदला.