घरातील जाच व शिक्षक

शाहूपुरी ही कोल्हापुरातील व्यापारपेठ ज्यांच्या नावाने ओळखली जाते, त्या शाहू छत्रपतींनी १९१९ साली संस्थानात स्त्रियांच्या छळास बंदी करणारा कायदा केला. तरीही पेढीवर वा चावडीवर असा जाच अद्याप ‘घरचे भांडण’ म्हणून सोडून दिला जातो. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ४ प्रमाणे संरक्षण अधिकाऱ्यास कोणीही खबर देऊ शकतो, मग तो बाजारातील मुकादम असो वा गावचा शिक्षक. सद्भावनेने खबर देणाऱ्यावर कोणतेही दायित्व येत नाही. मूल वर्गात एकाएकी अबोल झाल्यास शिक्षकाने त्याला चारचौघांत विचारू नये. आईशी एकांतात बोलून तिची इच्छा जाणावी. नवऱ्यास परस्पर समज देणे मात्र टाळावे; त्याने पुष्कळदा मार वाढतो. महिलांसाठी १८१ व बालकांसाठी १०९८ हे दूरध्वनी क्रमांक शाळेच्या फलकावर ठळक लिहावेत.