वसंतातील वनस्पतिदर्शन : टोकावडे परिसर व कुटजारिष्टाची चार झाडे

वसंत ऋतू लागला की चिकित्सालयात कफाचे रुग्ण वाढतात, हे वैद्यबंधूंना विदित आहेच. शिशिरात संचित झालेला कफ सूर्याच्या उष्णतेने विरघळतो व जाठराग्नी मंद करतो. म्हणून या ऋतूत वमनादी शोधन, व्यायाम, उद्वर्तन आणि लघु-रूक्ष आहार सांगितला आहे. ऋतुचर्येचा हा भाग आपण रुग्णांना नित्य सांगतो. त्याच प्रकरणातील आणखी एक उपदेश मात्र बहुधा वाचून सोडून दिला जातो. वसंतात वनांचे तारुण्य अनुभवावे, असे चरकाचार्य म्हणतात. वाग्भटाचार्य तर मध्याह्नकाळ फुललेल्या, सावलीच्या व कोकिळांच्या कूजनाने भरलेल्या वनात घालवावा, असे वर्णन करतात. हा भाग काव्य समजून पुढे जाण्याची रीत पडली आहे. वैद्याच्या दृष्टीने पाहता त्यात द्रव्यपरिचयाचा एक मोठा पाठ आहे, असे आमचे मत आहे. प्रस्तुत लेखात ठाणे जिल्ह्यातील टोकावडे परिसर डोळ्यांसमोर ठेवून त्या पाठाचा विचार करावयाचा आहे.

देश व काल

टोकावडे हे मुरबाड तालुक्यातील गाव कल्याणहून माळशेज घाटाकडे जाणाऱ्या मार्गावर आहे. पुढे वैशाखरे येथून नाणेघाटाची जुनी वाट चढते व मोरोशीपाशी भैरवगडाचा कातळ उभा राहतो. दक्षिणेस गोरखगड, मच्छिंद्रगड व सिद्धगड, तर उत्तरेस शहापूर तालुक्यात आजोबा व माहुली अशी डोंगरांची रांग आहे. सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी शिलालेख असलेले नाणेघाटाचे लेणे इतिहासाच्या अभ्यासकांस परिचित आहे. त्याच वाटेवरील पानझडी रान औषधी वनस्पतींच्या अभ्यासकासही तितकेच मोलाचे आहे.

फुले पाहण्यासाठी सह्याद्रीत जायचे म्हटले की भाद्रपद आठवतो. कास पठारावरील फुलांचा गालिचा, किंवा सात-आठ वर्षांनी एकदाच फुलणारी कारवी, हे वर्षा-शरद ऋतूंचे वैभव आहे. वसंतात जमीन कोरडी व तपकिरी असते आणि बहर झाडांच्या माथ्यावर चढतो. पाने गळलेल्या फांद्यांवर नुसती फुले दिसत असल्याने ओळख पटविण्यास याहून सोयीचा काळ नाही.

वसंत नेमका कोणत्या महिन्यांत धरावा, याविषयी संहितांत दोन गणना आढळतात. चैत्र-वैशाख ही एक. सुश्रुताचार्यांनी दोषांच्या संचय-प्रकोपासाठी दिलेली फाल्गुन-चैत्र ही दुसरी. कोकणच्या पायथ्याशी दुसरी गणना अधिक जुळते, असे आमचे निरीक्षण आहे. पळस, काटेसावर, पांगारा व धायटी फाल्गुनातच भरात असतात; चैत्रात मोह टपटपू लागतो; वैशाखात कुडा व बहावा फुलतात आणि तोवर ऊन ग्रीष्माचे झालेले असते. म्हणून एकाच फेरीत सर्व पाहण्याचा हट्ट न धरता फाल्गुनाच्या अखेरीस एक आणि चैत्र-वैशाखाच्या संधीस दुसरी, अशा दोन फेऱ्या कराव्यात.

एका औषधाची चार झाडे

वनात गेल्यावर काय पाहावे, हा प्रश्न नवीन वैद्यास पडतो. शंभर नावांची यादी हाती दिल्यास त्यातील पाचही लक्षात राहत नाहीत. म्हणून आम्ही नित्य वापरातील एक कल्प घेऊन त्याची द्रव्ये शोधण्याची पद्धत सुचवितो. अतिसार, प्रवाहिका व ग्रहणीत आपण कुटजारिष्ट देतो. प्रचलित पाठानुसार त्यात कुटजमूलाची साल एक तुला, मनुका अर्धी तुला, मोहाची फुले व काश्मरी प्रत्येकी दहा पल, धातकीपुष्पे वीस पल आणि गूळ एक तुला असतो. मनुका व गूळ बाजारातून आणावा लागेल. उरलेली चारही द्रव्ये टोकावड्याच्या रानात वसंतात फुलतात.

१) धायटी (धातकी). उघड्या उतारावर, खडकाळ जागी वाढणारे हे मेंदीच्या कुळातील झुडूप आहे. कमानीसारख्या वाकलेल्या फांद्यांवर नारिंगी-तांबड्या नळीच्या आकाराच्या फुलांच्या ओळी लागतात. डोळ्यांत भरणारा तांबडा भाग हा पाकळ्यांचा नसून पुष्पकोशाचा असतो. खऱ्या पाकळ्या अगदी लहान, नळीच्या कडेला दडलेल्या असतात. पुष्पकोश टिकाऊ असल्याने फूल वाळले तरी रंग धरून राहते. फुलाच्या बुडाशी मध असतो. वाडीवरची मुले तो चोखतात व पक्षीही त्यासाठी येतात. याच मधुर रसासोबत वावरणारे किण्व संधानास चालना देते, असे आधुनिक दृष्टीने म्हणता येते. चरकाचार्यांनी धातकीची गणना संधानीय, पुरीषसंग्रहणीय व मूत्रविरजनीय या तीन महाकषायांत केली आहे. अरिष्टात ती केवळ आंबविण्यापुरती नाही, अतिसारातील कर्मातही तिचा वाटा आहे, हे यावरून ध्यानात यावे.

२) शिवण (काश्मरी, गंभारी). बृहत् पंचमुळातील हे झाड एरवी सागाच्या गर्दीत ओळखू येत नाही. माघ-फाल्गुनात पाने झडल्यावर फांद्यांच्या टोकांना पिवळी, तपकिरी छटेची, दोन ओठांसारखी फुले येतात. झाडाखाली पडलेली फुले पाहून वर नजर टाकावी. शिवण सापडण्याची ही सर्वांत सोपी खूण आहे.

३) मोह (मधूक). याची मांसल, फिकट पिवळसर फुले रात्री उमलतात व पहाटे गळून पडतात. वटवाघळे परागीभवनास मदत करतात. ठाकर, कातकरी व महादेव कोळी कुटुंबे पहाटे ही फुले वेचतात. गळालेले फूल वेचल्याने झाडाची काहीही हानी होत नाही, ही गोष्ट पुढील विवेचनासाठी लक्षात ठेवावी.

४) कुडा (कुटज). याचा विचार स्वतंत्रपणे करणे आवश्यक आहे.

कुड्याची परीक्षा

कुटजाला गिरिमल्लिका, म्हणजे डोंगरावरची मोगरी, असे एक नाव आहे. मेघदूतातील यक्षाने आषाढात मेघाला कुटजाचीच फुले वाहिली आहेत. म्हणजे वैशाखात सुरू झालेला हा बहर पावसाच्या तोंडापर्यंत टिकतो. चरकाचार्यांनी कल्पस्थानात वत्सकाचे पुरुष व स्त्री असे भेद सांगताना फळाचा आकार, फुलाचा रंग व पानाचा स्निग्धपणा ही लक्षणे दिली आहेत. यावरून पुष्प हे परीक्षेचे साधन म्हणून प्राचीन काळापासून मान्य होते, हे स्पष्ट होते.

आजची अडचण अशी, की पांढऱ्या कुड्याच्या सालीत काळ्या कुड्याची साल मिसळली जाते. पांढरा कुडा म्हणजे होलॅरेना प्युबेसेन्स (जुन्या ग्रंथांतील होलॅरेना अँटिडिसेंटेरिका) व काळा कुडा म्हणजे राइटिया टिंक्टोरिया. दोन्ही एकाच कुळातील, दोन्ही चिकाची, समोरासमोर पाने असलेली, पांढऱ्या फुलांची झाडे आहेत आणि दोन्ही एकाच टेकडीवर शेजारी उभी असू शकतात. साल सुकून, तुकडे होऊन पोत्यात भरल्यावर डोळ्यांनी निवाडा करणे कठीण जाते. फुलावर आलेले झाड मात्र संशयाला जागा ठेवीत नाही.

पांढऱ्या कुड्याच्या फुलाची नळी बारीक असते, तिचे तोंड साफ असते व पुंकेसर आत दडलेले असतात. काळ्या कुड्याच्या फुलात मध्यभागी झालरीसारखे तंतुमय वलय असते व त्यातून पुंकेसरांचा शंकू बाहेर डोकावतो. पांढऱ्या कुड्याची पाने मोठी व रुंद, तर काळ्याची अरुंद व टोकाकडे निमुळती असतात. शेंगा दोन्हीत जोडीने येतात. परंतु पांढऱ्याच्या शेंगा सुट्या लोंबतात आणि काळ्याच्या कोवळ्या शेंगा टोकाशी चिकटलेल्या असतात. रसपरीक्षाही सोपी आहे. पांढऱ्या कुड्याचे बी म्हणजे कडू इंद्रजव, काळ्याचे ते गोडे इंद्रजव. कुटजाचे कर्म त्याच्या तिक्त-कषाय रसाशी निगडित आहे व कोनेसीन हे प्रसिद्ध अल्कलॉइड पांढऱ्या कुड्याच्याच सालीसाठी ओळखले जाते. रक्तातिसाराच्या रुग्णास कुटज देऊनही उपशय मिळाला नाही, तर मात्रा, अनुपान व निदान यांच्या बरोबरीने द्रव्याविषयीही शंका घ्यावयास हवी. ती घेण्याचे सामर्थ्य ज्याने झाड पाहिले आहे, त्याच्याच अंगी येते.

हीच गोष्ट अशोकाची. ओढ्याकाठच्या दाट सावलीत क्वचित आढळणारा सीतेचा अशोक वसंतात जुन्या फांद्यांवर नारिंगी-तांबड्या गुच्छांनी फुलतो. त्याच्या फुलाला पाकळ्या नसतात, रंगीत दिसतात ती निदले. बंगल्यांच्या कुंपणाशी सरळ वाढणारा आसोपालव याच काळात हिरवट, तारेसारख्या फुलांवर असतो. बाजारात दोघांच्या साली एकाच नावाने विकल्या जातात. जंगलातील अशोक आज संकटग्रस्त प्रजातींत गणला जातो, त्यामागे सालीची ही मागणीही आहे.

पाहावे, परंतु खणू नये

कल्पस्थानाच्या पहिल्या अध्यायात द्रव्यसंग्रहाचे काल दिले आहेत. कोवळ्या शाखा व पाने वर्षा-वसंतात, मुळे ग्रीष्मात किंवा शिशिरात, साल-कंद-क्षीर शरदात, सार हेमंतात, तर फुले-फळे ज्या त्या ऋतूत घ्यावीत, असा तो क्रम आहे. कुटजारिष्टास लागते ती मुळाची साल. ती मूळ मानली काय किंवा साल मानली काय, वसंत हा तिच्या संग्रहाचा काल ठरत नाही. बहरलेला कुडा पाहून तेथेच कुदळ चालविणे हे शास्त्रविरुद्ध आहे आणि त्यात बी धरण्यापूर्वीच झाड जाते.

मोहाचे फूल वेचणे व कुड्याचे मूळ खणणे, यांतील अंतर प्रत्येक वैद्याने मनात ठसवावे. पहिल्यात झाड उभे राहते, दुसऱ्यात ते संपते. ज्या द्रव्यासाठी झाड मारावे लागते, ते लागवडीतून आलेले असावे, असा आग्रह औषधनिर्मात्यांकडे धरणे हे आपले कर्तव्य आहे. जैविक विविधता कायदा २००२ व त्यातील २०२३ ची दुरुस्ती यांनी वैद्यांना काही सवलती दिल्या आहेत. तथापि वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ अभयारण्यात लागूच असतो. सिद्धगडाकडील भाग भीमाशंकर अभयारण्यात येतो. तेथून पानही आणू नये. गौण वनोपजावर स्थानिक आदिवासींचा हक्क वनहक्क कायदा २००६ ने मान्य केला आहे, याचेही भान असावे.

फेरीची आखणी

ऋतुचर्या शिकविणाऱ्यांनी ती शिबिरात पाळावी, ही अपेक्षा रास्त आहे. वसंतात बलवानाने अर्धशक्ती व्यायाम करावा, असे वचन आहे. कपाळ, नाक व काखेत घाम येऊ लागला, तोंड कोरडे पडले, की थांबावे. चढण पहाटे सुरू करून दहाच्या आत सावली गाठावी. मध्याह्न झाडाखाली निरीक्षण व चर्चेत घालवावा. झोपू नये, कारण या ऋतूत दिवास्वाप कफ वाढवितो. शिधा जुन्या धान्याचा असावा : ज्वारी-नाचणीची भाकरी, मुगाचे वरण, भाजलेले पदार्थ. पाडव्याचे श्रीखंड डब्यात घालून डोंगर चढणाऱ्यास कफाचे व्याख्यान देण्याचा अधिकार उरत नाही. सुंठ किंवा नागरमोथा घालून उकळलेले पाणी प्रत्येकी तीन-चार लिटर बरोबर घ्यावे. गडावरील टाक्यांच्या भरवशावर राहू नये. भातसा, तानसा यांचे पाणी मुंबईस देणाऱ्या शहापूर तालुक्यातील अनेक वाड्या उन्हाळ्यात टँकरची वाट पाहतात. अशा गावात मुक्काम करताना तेथील पाण्यावर भार टाकणे योग्य नव्हे.

मुक्काम वनखात्याच्या व ग्रामस्थांच्या अनुमतीने गावातच करावा. वाळल्या गवतात ठिणगी पुरते, म्हणून रानात चूल, शेकोटी व धूम्रपान पूर्ण वर्ज्य समजावे. फुलांच्या दिवसांत कड्यांवर आग्या मोहोळे असतात. त्यांच्याजवळ गोंगाट करू नये, सुगंधी द्रव्ये लावून जाऊ नये. घाटमाथ्याजवळ जुन्या झाडांच्या फांद्यांवर डेंड्रोबियम जातीची पांढरी आमरी पर्णहीन खोडावर फुललेली दिसली, तर दुरूनच चित्र घ्यावे व तिचे नेमके ठिकाण जाहीर करू नये.

स्थानिक जाणकारास वाटाड्या म्हणून अवश्य घ्यावे व त्याच्या दिवसाचे योग्य मोल द्यावे. शेळ्या-मेंढ्या व गाई चारणारे आणि इतर वनवासी औषधींना नाम-रूपाने जाणतात, असे चरकाचार्यांनीच सांगितले आहे. त्यांची योजना जाणणारा तो तत्त्वविद, असेही पुढे म्हटले आहे. आपण योजना जाणतो, असे धरले तरी नाम-रूपाचे शिक्षण वाडीवरूनच घ्यावे लागेल. एखाद्या झाडाला वाडीवर वेगळे नाव असेल तर ते तसेच टिपून ठेवावे; ग्रंथातील नावाशी घाईने जुळवू नये.

उपसंहार

वर्षभरात एकच कल्प घेऊन त्याची झाडे फुलावर, फळावर व पालवीवर अशी तीनदा पाहावीत, इतकाच संकल्प आम्ही वैद्यबंधूंपुढे ठेवतो. पहिले वर्ष कुटजारिष्टाचे असावे. प्रत्येकाने टोकावडे किंवा आपल्या जवळच्या रानात पांढऱ्या कुड्याचे एक झाड निवडावे. फूल केव्हा आले, शेंगा केव्हा तडकल्या, शेजारी काळा कुडा आहे काय, याची दिनांकासह नोंद ठेवावी. पावसाळ्यापूर्वी त्याच्या बिया स्थानिकांच्या संमतीने घेऊन आपल्या गावी चार रोपे करावीत. इतके केल्यावर पुढील वेळी रुग्णाच्या हाती कुटजारिष्ट देताना त्यातील साल कोठली, हे आपण विक्रेत्यास अधिकाराने विचारू शकू.