पिशवी काढण्याआधी आत पाहा

पाळी जाऊन वर्ष उलटल्यावर अंगावरून लाल गेले, तर एक डागही तपासावा. परवा एक बाई म्हणाल्या, "डॉक्टर, पिशवी काढायला सांगितलीय." आत कोणी पाहिले होते? नाही! सोनोग्राफीनंतर मी त्यांना हिस्टेरोस्कोपीला पाठवले.

३-४ मिलिमीटर जाडीची दुर्बीण योनिमार्गातून पिशवीत सरकवतात, सलाईनने आतली जागा फुगवतात. टाका नाही, बहुधा भूलही नाही. पाळीसारखी कळ येते, म्हणून तासभर आधी वेदनाशामक गोळी घ्यावी. क्युरेटिंग न पाहता होते, त्यात एखादा कोंब सुटतो; इथे तो दिसतो. बाईंचा कोंब काढला, तपासला. कर्करोग निघता तर पिशवी काढावीच लागली असती. निघाला नाही.

कळ सोसवेना तर "थांबा" म्हणावे; भूल देऊनही ही तपासणी होते.