मोठी कामे, करारनामे आणि दावे

मंडीदीपहून भोजपूर फारसे दूर नाही. दरसाल आम्ही विद्यार्थ्यांना तेथील शिवमंदिर दाखवावयास नेतो. अकराव्या शतकातील परमार राजा भोज याच्या नावाशी जोडलेले हे मंदिर पुरे झालेच नाही. आसपासच्या खडकांवर त्याचे आराखडे कोरलेले आहेत आणि अवजड शिळा वर नेण्यासाठी रचलेला चढही मागील बाजूस दिसतो. काम का थांबले, कोणाचे देणे कोणाकडे राहिले, याविषयी मात्र एक ओळही मिळत नाही. एका वर्षी एका मुलाने विचारले, "सर, पाथरवटांचे पैसे मिळाले असतील का हो?" आम्हांला उत्तर देता आले नाही.

प्रस्तुत विषय आम्ही निवडला तो या प्रश्नामुळे. आणि खरे सांगावयाचे तर आपल्या ट्रस्टने शाळेच्या दोन खोल्या बांधल्या त्या वेळच्या अनुभवामुळेही. ज्येष्ठ सभासदांना तो प्रसंग आठवत असेल. बांधकाम समितीत आम्हीही होतो. पाया खणताना काळी माती अपेक्षेपेक्षा खोल निघाली. ठेकेदाराने विचारले, आम्ही उभ्याउभ्या "आणखी खाली जा" म्हणालो. पुढे कुंपणाची भिंतही एक फूट उंच करावयास सांगितली, तीही तोंडीच. काम पावसाळ्यापूर्वी व्हावयाचे ते दिवाळीनंतर झाले. आम्ही निमूटपणे किल्ल्या घेतल्या, पेढे वाटले, आणि महिन्याभराने ठेकेदाराचे जादा कामाचे बिल आले. आम्ही उलट उशिराची भरपाई मागितली. शेवटी त्याला बरेच पैसे द्यावे लागले आणि आम्हांला भरपाई मिळाली नाही. त्या ठेकेदाराला पुष्कळांनी बोल लावला. आमच्या मते चूक त्याच्यापेक्षा आमची अधिक होती. ती कशी, हे समजण्यासाठी आधी मोठ्या कामाचे एक उदाहरण पाहू.

मुंबई ते ठाणे आगगाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढे पुण्याकडे जावयाचे तर बोरघाट आडवा. सुमारे पंधरा मैलांच्या अंतरात १,८३१ फूट चढावयाचे. त्यासाठी २५ बोगदे आणि अनेक दगडी पूल. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे कंपनीचे मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी आखणी केली आणि काम फॅव्हियेल नावाच्या इंग्रज कंत्राटदारास दिले. १८५६ च्या आरंभी काम सुरू झाले. कंपनीने कंत्राटदारास, कंत्राटदाराने पोटकंत्राटदारास, त्याने मुकादमास आणि मुकादमाने मजुरास, अशी पैशाची उतरंड होती. वरच्या मडक्यातले पाणी तळाच्या मडक्यापर्यंत पोहोचेच असे नव्हते. थकलेल्या मजुरीवरून जानेवारी १८५९ मध्ये घाटात दंगल झाली. त्याच वर्षी फॅव्हियेलने कंत्राट सोडले.

नवे कंत्राट सॉलोमन ट्रेडवेल याने घेतले. तो १८५९ मध्ये हिंदुस्थानात उतरला आणि थोड्याच आठवड्यांत आजाराने वारला. करार माणसाशी झालेला, माणूस गेला. अशा वेळी काम बंद पडावयाचे. पण त्याची विधवा ॲलिस ट्रेडवेल हिने कंत्राट पुढे चालविले आणि ॲडम्सन व क्लाऊझर या दोन अनुभवी अभियंत्यांच्या हाती प्रत्यक्ष काम सोपविले. ऐन भरात चाळीस हजारांहून अधिक मजूर या घाटात राबत होते. २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रियर यांनी मार्ग खुला केला. मुलींच्या वर्गात आम्ही ही हकीकत मुद्दाम सांगतो.

परंतु गोष्ट येथे संपत नाही. १८६७ च्या पावसाळ्यात याच घाटातील एक मोठा पूल कोसळला आणि दगडी बांधकामाच्या दर्जाची चौकशी सुरू झाली. येथे पैशाची एक बाजू ध्यानात घेण्यासारखी आहे. सरकारने रेल्वे कंपन्यांना त्यांच्या भांडवलावर पाच टक्के व्याजाची हमी दिली होती. खर्च वाढला तरी भागधारकाचे व्याज सुरक्षित. तूट भरावयाची ती हिंदुस्थानच्या तिजोरीने. ज्याच्या खिशाला झळ नाही तो कामावर डोळ्यात तेल घालून का उभा राहील? करारातील जोखीम कोणाच्या माथी, हा प्रश्न दरापेक्षाही आधी विचारावा असे आम्हांस वाटते ते यामुळेच. मजुरांच्या बाबतीत मात्र एक पाऊल पडले. रेल्वे, कालवे इत्यादी कामांवरील मजुरीचे तंटे दंडाधिकाऱ्याने झटपट मिटवावेत, असा कायदा १८६० मध्ये झाला.

आता आपल्या दोन खोल्यांकडे येऊ. १८७२ चा भारतीय करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम ७० चा आशय असा की, फुकट करण्याचा हेतू नसताना एकाने दुसऱ्यासाठी कायदेशीर काम केले आणि दुसऱ्याने त्याचा लाभ घेतला, तर त्याला मोबदला द्यावा लागतो. पश्चिम बंगाल सरकार विरुद्ध बी. के. मोंडल आणि पुत्र या खटल्यात सरकारी अधिकाऱ्यांच्या सांगण्यावरून बांधकाम झाले होते, पण विधिवत करार नव्हता. तरीही सर्वोच्च न्यायालयाने मोबदला देय ठरविला. सरकारला जे चुकले नाही ते आपल्याला कसे चुकणार? पाया खोल गेला, भिंत उंच झाली, दोन्ही आपण वापरतो आहोत.

उशिराचे काय? आपल्या करारात मुदत हा कराराचा गाभा असल्याचे लिहिले होते. अशा करारात मुदत टळली तर करार मोडण्याचा हक्क मिळतो. तो न वापरता उशिराचे काम स्वीकारावयाचे असेल, तर स्वीकारतानाच "भरपाई मागण्याचा आमचा इरादा आहे" अशी सूचना द्यावी लागते, असे कलम ५५ सांगते. आम्ही सूचना दिली नाही, पेढे दिले. वकीलसाहेबांनी आमचे म्हणणे तेथेच थांबविले. शिवाय दंडाची रक्कम करारात लिहिली म्हणजे ती आपोआप पदरात पडते हाही गैरसमज आहे. कलम ७४ प्रमाणे लिहिलेली रक्कम ही कमाल मर्यादा, तिच्या आत जी वाजवी ठरेल तेवढीच भरपाई.

म्हणून मोठ्या कामावर रोजच्या नोंदीला एवढे महत्त्व. मोजणीपुस्तकात दोघांच्या सह्यांनिशी माप. पाऊस, सिमेंटचा खोळंबा, नकाशा मिळण्यास झालेला विलंब यांची तारीखवार अडथळा-वही. आणि प्रत्येक बदलाचा लेखी हुकूम, त्यात दर आणि वाढीव मुदत दोन्ही. आपल्या राज्यातील निविदांत मुदत "पावसाळ्यासह" अशी लिहितात. हे दोन शब्द नसले तर चार महिन्यांचा वाद उभा राहतो. आंतरराष्ट्रीय कामांत वापरल्या जाणाऱ्या 'फिडिक' संस्थेच्या १९९९ च्या नमुन्यात तर दाव्याचे कारण कळल्यापासून २८ दिवसांत सूचना न देणाऱ्या कंत्राटदाराचा हक्कच जातो. हे कडक वाटेल, पण त्यामागे हेतू आहे. मातीचा थर उघडा आहे तोवर दोघांनी तो पाहावा. बुजविल्यावर प्रत्येकाला तो आपल्या सोयीचा आठवतो.

लिहून ठेवण्याचा हा आग्रह नवा नाही. कुराण शरीफच्या दुसऱ्या सूरेतील २८२ वी आयत देण्याघेण्याचा व्यवहार मुदतीसह लिहावा, लेखकाने न्यायाने लिहावे, साक्षीदार ठेवावेत आणि रक्कम लहान म्हणून लिहिण्याचा कंटाळा करू नये, असे सांगते. संपूर्ण ग्रंथातील ही सर्वांत लांब आयत, आणि तिचा विषय व्यवहार! करार, मुदत, दावा, हिशेब हे आपले शब्दही अरबीतून फारसीच्या वाटेने मराठीत आलेले आहेत.

एवढे करूनही तंटा झालाच तर? राज्य सरकारच्या बांधकाम-कंत्राटांसाठी मध्यप्रदेशाने १९८३ मध्ये स्वतंत्र कायदा करून मध्यस्थम अधिकरण स्थापन केले. ते भोपाळलाच आहे. तेथे जाण्याआधी करारातील अंतिम अधिकाऱ्यापुढे वाद मांडावा लागतो. त्याच्या निर्णयापासून एक वर्षात, आणि त्याने सहा महिन्यांत निर्णय दिलाच नाही तर ते सहा महिने संपल्यापासून एक वर्षात अर्ज करावयाचा. मंडीदीपच्या औद्योगिक वसाहतीत सरकारी ठेके घेणारी आपली काही मंडळी आहेत. साहेबांच्या उत्तराची वाट पाहत हे वर्ष घालवू नये, असे आम्ही त्यांना सुचवितो.

आपल्या ट्रस्टचा करार खासगी, तो या अधिकरणापुढे जात नाही. आपल्याला दिवाणी न्यायालय किंवा १९९६ च्या कायद्याखालील लवाद हे मार्ग आहेत. लवाद हवा असेल तर तशी अट लेखी हवी. पूर्वी सरकारी करारांत खात्याचाच वरिष्ठ अभियंता लवाद नेमला जाई. २०१५ च्या दुरुस्तीने पक्षकाराच्या नोकराला किंवा त्याच्याशी तसाच निकटचा संबंध असलेल्याला लवाद होण्यास मनाई केली, आणि २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकालात हितसंबंध असलेल्याला एकट्याने लवाद नेमताही येणार नाही असे सांगितले.

हे सविस्तर लिहिण्याचे कारण असे की, महोत्सवी वर्षात बांधावयाच्या सभागृहाचा कराराचा मसुदा तयार झाला आहे. त्यात सोळावी अट अशी आहे: "कोणताही वाद उत्पन्न झाल्यास ट्रस्टच्या अध्यक्षांचा निर्णय अंतिम राहील." अध्यक्षमहाशयांबद्दल आम्हांला पूर्ण आदर आहे, आणि ते हा लेख वाचून रागावणार नाहीत हेही ठाऊक आहे. पण ही अट टिकणार नाही. तिच्या जागी दोन्ही पक्षांच्या संमतीने नेमलेला त्रयस्थ लवाद, आणि त्याआधी दर पंधरवड्यास दोन्ही बाजूंची कामावरच बैठक, अशी दुरुस्ती आम्ही सुचविली आहे. पायाच्या खोलीचा दरही फुटाप्रमाणे आधीच ठरवावा. माती तीच काळी आहे. मसुदा कार्यालयात चिटणीसांकडे ठेवला आहे. वर्गणीदार सभासदांनी सही होण्यापूर्वी तो वाचावा आणि आपली सूचना लेखी द्यावी.