‘शांतता! कोर्ट चालू आहे’ : न बोलावलेला साक्षीदार
— द्वितीय वर्ष कला

विजय तेंडुलकरांचे हे नाटक ‘रंगायन’ संस्थेने १९६७ साली रंगभूमीवर आणले. दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे होते व लीला बेणारेची भूमिका सुलभा देशपांडे यांनी केली. १९७१ साली सत्यदेव दुबे यांनी त्यावर चित्रपटही काढला.

कथानक थोडक्यात असे. मुंबईची एक हौशी मंडळी खेडेगावात प्रयोगासाठी येते. सामंत या गावकऱ्याने कोर्ट पाहिलेले नसते, म्हणून वेळ घालवण्यासाठी खोटा खटला उभा राहतो. आरोपी, शिक्षिका असलेली बेणारेबाई, आरोप भ्रूणहत्येचा. हसतखेळत सुरू झालेला हा खटला पाहता पाहता खरा होतो.

कायद्याच्या दृष्टीने हे कोर्ट तपासण्याजोगे आहे. आरोप कलम ३०२ खाली ठेवला जातो. वस्तुतः भारतीय दंडविधानात ते खुनाचे कलम होते आणि गर्भपाताचे ३१२. सुखात्मे हेच सरकारी वकील आणि तेच आरोपीचेही वकील. न्यायाधीश काशीकर मध्येच आसन सोडून स्वतः साक्ष देतात. ऐकीव गोष्ट पुरावा ठरते. सर्वांत क्रूर विसंगती निकालात आहे. भ्रूणहत्येचा आरोप ठेवणारे कोर्टच बेणारेच्या पोटातील गर्भ नष्ट करण्याची शिक्षा फर्मावते!

याच खटल्यात बेणारेच्या बालपणीचे गुपित उकरले जाते. अगदी कोवळ्या वयात सख्ख्या मामाशी तिचे संबंध जुळले होते व त्यातून तिने जीव देण्याचा प्रयत्न केला होता. कोर्ट याला तिच्या चारित्र्याचा पुरावा मानते.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. माझ्या ताईची शाळा सातवीतच सुटली. सुट्टीत मी हे नाटक तिला मोठ्याने वाचून दाखवले. ती तांदूळ निवडत ऐकत होती. मामाचा उल्लेख आला तसा तिचा हात थांबला. ती म्हणाली, “त्या मामाला कुणी नाही का गं बोलावलं कोर्टात?”

मी टिपणे काढली होती, पण हा प्रश्न माझ्या टिपणांत नव्हता. खरेच, मामाला समन्स नाही. प्रोफेसर दामले तर नाटकभर गैरहजरच. ज्यांनी उत्तर द्यायचे ते बाहेर आणि जिने सोसले ती पिंजऱ्यात! बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा २०१२ साली झाला. आज अशा प्रकरणात आरोपी मामा ठरेल. मुलीच्या संमतीचा प्रश्नच उद्भवणार नाही. परंतु घराघरांतले कोर्ट अजून जुन्याच कलमांवर चालते, असे ताईच्या थांबलेल्या हाताकडे पाहून मला वाटले.

शेवटी आरोपीला बोलण्यासाठी दहा सेकंद मिळतात. ताईने तेवढाच भाग पुन्हा वाचायला सांगितला. मी पुन्हा वाचला. या नाटकाचे मोठेपण मला परीक्षेच्या पुस्तकापेक्षा तेव्हा अधिक उमगले.