तळमळ, नेतृत्व आणि सामुदायिक शिक्षण : स्वयंसेवी अग्निशामक दलांपासून घ्यावयाचा धडा

कोणत्याही सामाजिक कार्याच्या मुळाशी तळमळ असते. तळमळ नसेल तर मध्यरात्री अंथरूण सोडून दुसऱ्याच्या मदतीला कोणी धावणार नाही. परंतु नुसत्या तळमळीने कार्य तडीस जाते काय? की तिला आणखी कशाची जोड लागते? हा प्रश्न प्रत्येक संस्थेपुढे कधी ना कधी उभा राहतो. सभा-समारंभाच्या कामात ही जोड नसली तर फार तर कार्यक्रम फसतो. परंतु जगात स्वयंसेवकांच्या अशाही संघटना आहेत, की जेथे ही उणीव माणसांच्या प्राणांवर बेतते. म्हणूनच हा प्रश्न तपासून पाहण्यासाठी आम्ही या लेखात स्वयंसेवी अग्निशामक दलांचे उदाहरण घेतले आहे.

स्वयंसेवी अग्निशामक म्हणजे कोण?

आपल्याकडे आग विझविणारा जवान हा महानगरपालिकेचा किंवा नगरपालिकेचा पगारी नोकर असतो. त्यामुळे हे काम फुकट करणारी माणसे असतात, हेच आपल्याला नवल वाटते. प्रत्यक्षात अमेरिकेतील निम्म्याहून अधिक अग्निशामक स्वयंसेवक आहेत. जर्मनीत त्यांची संख्या दहा लाखांच्या घरात आहे. दक्षिण अमेरिकेतील चिली या देशात तर ही सेवा स्वयंसेवकच चालवितात. हे लोक एरवी शेतकरी, शिक्षक, दुकानदार, कारखान्यातील कामगार असतात. इशारा मिळताच हातातले काम टाकून ते ठाण्याकडे धावतात आणि बंब घेऊन निघतात. काम संपले की पुन्हा आपापल्या पोटापाण्याच्या उद्योगाला लागतात.

येथे नेतृत्वाचा प्रश्न बिकट होतो. पगारी नोकराला वरिष्ठाची आज्ञा पाळावीच लागते. स्वयंसेवकाला नोकरी जाण्याची भीती नसते. तो रागावला तर उद्यापासून येणार नाही, एवढेच. अशा माणसांना धगधगत्या आगीसमोर एका शब्दासरशी पुढे न्यायचे आणि एका शब्दासरशी मागे आणायचे, हे काम केवळ पदाच्या जोरावर होणारे नाही. तेथे विश्वास लागतो, आणि विश्वास आयत्या वेळी निर्माण करता येत नाही.

आरंभ : फिलाडेल्फिया, १७३६

७ डिसेंबर १७३६ रोजी बेंजामिन फ्रँकलिन यांनी आपल्या मित्रांसह फिलाडेल्फिया शहरात 'युनियन फायर कंपनी' स्थापन केली. या संघाचे सभासद होते तीस. प्रत्येकाने कातड्याच्या बादल्या, तसेच घरातील सामान भरून बाहेर काढण्यासाठी पिशव्या व टोपल्या सज्ज ठेवावयाच्या आणि आग लागताच त्या घेऊन हजर व्हावयाचे, असा लेखी करार त्यांनी केला.

परंतु विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट याहून निराळी आहे. हे सभासद महिन्यातून एक संध्याकाळ एकत्र बसत आणि आगीच्या विषयावर ज्याला जे सुचले असेल ते एकमेकांना सांगत. सभेला गैरहजर राहणाऱ्यास दंड होई. त्या दंडाच्या पैशांतून बंब, शिड्या आणि आकडे विकत घेतले जात. म्हणजे आग लागल्यावर धावण्याइतकेच, आग लागलेली नसताना एकत्र बसून शिकणे हेही त्यांनी सभासदाचे कर्तव्य मानले. पुढे इतरांनीही या संघात येण्याची इच्छा दर्शविली. तेव्हा एकच संघ भरमसाट वाढविण्याऐवजी त्यांनी नव्या लोकांना स्वतःचा वेगळा संघ काढण्यास सुचविले. लहान मंडळात प्रत्येकाला बोलता येते आणि प्रत्येकावर जबाबदारीही येते.

तळमळीची दुसरी बाजू

याच परंपरेचा पुढला इतिहास मात्र तितकासा सुखाचा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत न्यूयॉर्कसारख्या शहरांत स्वयंसेवी संघांची संख्या वाढली, तसा त्यांचा अभिमानही वाढला. घटनास्थळी आधी कोण पोहोचतो, पाण्याच्या नळाचा ताबा आधी कोण घेतो, यावरून संघासंघांत चढाओढ लागे. पुष्कळदा प्रकरण हाणामारीवर जाई आणि घर जळत राही. त्या माणसांच्या धाडसाबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. परंतु त्यांची तळमळ आग विझविण्यापेक्षा आपल्या संघाचे नाव गाजविण्याकडे वळली होती. सिनसिनाटी शहराने १८५३ मध्ये वाफेच्या बंबासह पगारी दल उभारले आणि १८६५ मध्ये न्यूयॉर्कनेही तोच मार्ग धरला. स्वयंसेवी संस्था आपसांत भांडू लागली की तिचे काम समाज दुसऱ्याकडे सोपवितो, असा या प्रकरणाचा धडा आहे.

चिलीचे उदाहरण

चिलीतील वालपाराइसो या बंदराच्या शहरात १८५१ साली पहिले स्वयंसेवी दल स्थापन झाले. ८ डिसेंबर १८६३ रोजी सांतियागो या राजधानीच्या शहरात एका मोठ्या चर्चला आग लागून सुमारे दोन हजार माणसे मृत्युमुखी पडली. त्यानंतर त्याच महिन्यात तेथेही असे दल उभे राहिले. तेव्हापासून आजतागायत चिलीतील अग्निशामक वेतन घेत नाहीत. उलट सभासद वर्गणी भरतात आणि आपले पदाधिकारी निवडणुकीने ठरवितात.

१ जानेवारी १९५३ च्या पहाटे वालपाराइसो येथे लाकडाच्या वखारीला आग लागली. नववर्षाचा जल्लोष सोडून स्वयंसेवक धावले. शेजारच्या आवारात स्फोटके साठविली होती आणि याची त्यांना कल्पना नव्हती. स्फोट झाला आणि ३६ स्वयंसेवक ठार झाले. त्या माणसांत धैर्याची उणीव नव्हती. उणीव होती ती माहितीची. आपल्या भागात कोठे काय साठविले आहे, हे आग लागण्यापूर्वीच ठाऊक असणे हा अग्निशमनाचा पहिला पाठ आहे, आणि तो धाडसाने नव्हे तर शांतपणे केलेल्या पाहणीने शिकावा लागतो.

वारा फिरतो तेव्हा

आता आम्ही या लेखातील सर्वांत महत्त्वाच्या उदाहरणाकडे वळतो. ऑस्ट्रेलियाच्या व्हिक्टोरिया राज्यात ग्रामीण भागातील वणव्यांशी 'कंट्री फायर ऑथॉरिटी' ही संस्था झुंजते. १९३९ व १९४४ च्या भीषण वणव्यांनंतर १९४५ मध्ये तिची स्थापना झाली. तिचे हजारो सभासद स्वयंसेवक आहेत आणि गावोगावच्या तुकड्या आपला कप्तान मतदानाने निवडतात.

तेथील वणव्याचा स्वभाव समजून घेतला पाहिजे. उन्हाळ्यात खंडाच्या आतील भागाकडून, म्हणजे उत्तरेकडून, तापलेला कोरडा वारा वाहतो. या वाऱ्याने आग एका लांब, अरुंद पट्ट्यासारखी पुढे धावते. पट्ट्याचे तोंड भयंकर असते. बाजू मात्र त्या मानाने शांत असते. म्हणून पुष्कळसे काम या बाजूंवर चालते. परंतु थंड हवेची लाट आली की वारा एकाएकी नैऋत्येकडून वाहू लागतो. मग कित्येक किलोमीटर लांबीची ती पूर्वेकडची शांत बाजू क्षणात आगीचे तोंड बनते. या बाजूलगतची न जळलेली जागा इतकी घातक असते की तिला तेथील अग्निशामक 'मृत्यूचा पट्टा' अशा अर्थाच्या नावाने ओळखतात. त्या वेळी सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे आधीच जळून काळी झालेली जमीन.

१६ फेब्रुवारी १९८३ रोजी व्हिक्टोरिया व दक्षिण ऑस्ट्रेलिया या दोन राज्यांत मिळून ७५ माणसे वणव्यात मरण पावली. त्यांत अपर बीकन्सफील्ड येथे वारा फिरल्यावर आगीने घेरलेले १२ स्वयंसेवक होते. हा धडा ठाऊक असणारी माणसे पुढेही दलात होती. तरीही पंधरा वर्षांनी, २ डिसेंबर १९९८ रोजी, लिंटन या गावाजवळ तेच घडले. पाणी भरून आणण्यासाठी निघालेल्या दोन टँकरना, वारा फिरताच, आगीने गाठले. एका टँकरवरील माणसे बचावली. दुसऱ्यावरील पाचही स्वयंसेवक मृत्युमुखी पडले.

या दोन घटनांचा एकत्र विचार केला म्हणजे आमच्या मते मुख्य गोष्ट कळते. ती अशी की, एकाने शिकलेले आपोआप सर्वांचे होत नाही. अनुभव हा अनुभव घेणाऱ्याबरोबरच राहतो आणि त्याच्याबरोबरच निघून जातो. तो शब्दांत मांडून, सरावात उतरवून, नव्या माणसाच्या हाती दिला तरच संस्थेचा होतो. लिंटनच्या घटनेची न्यायिक चौकशी झाली आणि तिचा अहवाल २००२ मध्ये आला. प्रशिक्षण, संपर्कव्यवस्था आणि पाण्याचा साठा यांची तीत बारकाईने छाननी झाली. किमान प्रशिक्षण पूर्ण केल्याशिवाय स्वयंसेवकाने वणव्यावर जावयाचे नाही आणि टाकीतील ठरावीक पाणी स्वतःच्या बचावासाठी राखून ठेवावयाचे, हे नियम पुढे दृढ झाले. वर्षानुवर्षे आग विझविलेल्या माणसाला वर्गात बसणे कमीपणाचे वाटू शकते. अशा वेळी कप्तानाने स्वतः पहिल्या बाकावर बसणे, हेच खरे नेतृत्व होय.

नेतृत्वाचे तीन काळ

या उदाहरणांवरून नेतृत्वाचे तीन काळ स्पष्ट दिसतात.

पहिला काळ आगीपूर्वीचा. हा चर्चेचा काळ आहे. येथे सर्वांना बोलण्याचा समान हक्क असतो. काल आलेल्या मुलानेही शंका विचारावी आणि वीस वर्षांच्या जुन्या सभासदाने ती शांतपणे ऐकावी.

दुसरा काळ प्रत्यक्ष आगीचा. हा आज्ञेचा काळ आहे. येथे वादविवादाला अवकाश नाही. परंतु आज्ञा पाळणे म्हणजे डोळे मिटणे नव्हे. अमेरिकेतील वणवा-अग्निशामक पॉल ग्लीसन यांनी १९९१ मध्ये चार गोष्टींचे एक सूत्र मांडले : टेहळणी करणारा माणूस, एकमेकांशी संपर्क, माघारीची वाट आणि सुरक्षित जागा. या चारही गोष्टी ठरल्याशिवाय काम सुरू करू नये. यांपैकी एक जरी नसेल, तर ते मोठ्याने सांगणे हे साध्या शिपायाचेही कर्तव्य आहे. धोका दिसत असूनही कप्तानाच्या भीतीने गप्प राहणारा माणूस स्वतःबरोबर कप्तानालाही संकटात लोटतो.

तिसरा काळ आगीनंतरचा. हा पुनर्विचाराचा काळ आहे आणि याचीच सर्वत्र हेळसांड होते. अमेरिकी सैन्यात रुळलेली आणि पुढे अग्निशामकांनी स्वीकारलेली एक साधी पद्धत आहे. काम संपताच सर्वांनी गोल करून बसावयाचे आणि चार प्रश्न विचारावयाचे : काय करावयाचे ठरले होते? प्रत्यक्षात काय झाले? तसे का झाले? पुढच्या वेळी काय करावे? या बैठकीत हुद्दा बाजूला ठेवावा लागतो. दोष कोणाचा हे शोधण्यासाठी ती नसते, कारण काय हे शोधण्यासाठी असते. नेत्याने आपल्या निर्णयाची चिकित्सा आधी होऊ दिली, तरच इतरांची तोंडे उघडतात.

आपल्यासाठी बोध

१४ एप्रिल ही तारीख आपल्या वाचकांना सांगावयास नको. त्याच तारखेला, १९४४ साली, मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' या स्फोटके व कापूस वाहणाऱ्या जहाजाला आग लागून प्रचंड स्फोट झाले आणि मुंबई अग्निशामक दलाचे ६६ जवान कामी आले. ते पगारी सेवक होते. पण त्यांच्या मरणाचे मोल पगारात होत नाही. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि १४ ते २० एप्रिल हा सप्ताह आगीबाबत जागृतीसाठी असतो. जयंतीच्या मंडपात वीज, रोषणाई आणि भोजनाची व्यवस्था ही सारी एकत्र येते. म्हणून प्रत्येक मंडळाने निदान चार-पाच तरुणांना या दिवसांत एवढे शिकवावे : मंडपाला बाहेर पडण्याच्या वाटा मोकळ्या असाव्यात, तारांच्या जोडण्या उघड्या नसाव्यात, मेन स्विच कोठे आहे ते सर्वांना ठाऊक असावे, विजेच्या आगीवर किंवा पेटलेल्या तेलावर पाणी ओतू नये, गॅसचा वास आला तर बटण दाबू नये, आणि १०१ या क्रमांकावर आधी कळवून मगच बाकीची धावपळ करावी. कार्यक्रम आटोपल्यावर, मंडप उतरविण्यापूर्वी, वरील चार प्रश्न घेऊन अर्धा तास बसावे.

सारांश, तळमळ माणसाला आगीपर्यंत नेते. सर्वांनी मिळून केलेला अभ्यास त्याला घरी परत आणतो. आणि जो तळमळीला अभ्यासाकडे वळवितो, तो नेता. ज्या संस्थेत हे तिन्ही नांदतात, तिच्यात माणसे बदलली तरी कार्य खंडत नाही.

अभ्यासासाठी प्रश्न

१. फिलाडेल्फियाच्या संघाने सभेतील गैरहजेरीस दंड का ठेवला असावा?

२. न्यूयॉर्कच्या संघांतील चढाओढ आणि वालपाराइसोची दुर्घटना यांत उणीव कोणकोणती होती? फरक स्पष्ट करा.

३. वारा फिरल्यावर वणव्याची शांत बाजू घातक का बनते? आकृती काढून समजावून सांगा.

४. 'एकाने शिकलेले आपोआप सर्वांचे होत नाही' या विधानाचा आपल्या मंडळाच्या मागील एखाद्या कार्यक्रमाला लावून विचार करा.

५. आपल्या वस्तीत आग लागल्यास धोकादायक ठरतील अशा जागांची यादी पाच जणांनी मिळून तयार करा.