झेंडू दिवस मोजतो, शेवंती रात्र मोजते



दसऱ्याच्या आदल्या दिवशी बाजारात झेंडूच्या पाट्या मांडून बसलेला शेतकरी आपण पाहतो. दुसऱ्या दिवशी उरलेली फुले रस्त्याच्या कडेला ओतून रिकाम्या हाताने घराकडे निघालेला शेतकरीही आपण पाहतो. पुष्कळदा तो एकच माणूस असतो. त्याने मेहनत कमी केलेली नसते, औषधे-खतेही वेळेवर दिलेली असतात. चुकलेली असते ती फक्त तारीख. म्हणून या लेखात फुलांच्या तारखेचा हिशेब आधी आणि बाकी मशागत नंतर, अशा क्रमाने सांगणार आहोत.

उसाचे पैसे हाती यायचे म्हणजे कारखान्याचे गाळप सुरू व्हावे लागते आणि आपली तोड यावी लागते. सण मात्र त्याच्या आधीच दारात उभा राहतो. अशा वेळी दहा-वीस गुंठे झेंडू-शेवंती असली तर घरच्या बाईला दिवाळीच्या बाजारासाठी कुणाच्या तोंडाकडे पाहावे लागत नाही. नगर तालुक्यातील अकोळनेर हे गाव फुलांसाठी ओळखले जाते. तिथे आपल्यासारखे पाटाचे पाणी नाही, तरी त्या मंडळींनी फुलांवर प्रपंच उभे केले. आपल्याकडे पाणी आहे; कमी पडतो तो हिशेब.

सण सरकतो, पीक सरकत नाही

दसरा २०२३ साली २४ ऑक्टोबरला आला, २०२४ साली १२ ऑक्टोबरला आणि २०२५ साली २ ऑक्टोबरला. म्हणजे दोन वर्षांत तो बावीस दिवस अलीकडे आला. २०२६ साली अधिक ज्येष्ठ असल्याने तो पुन्हा २० ऑक्टोबरवर गेला. “मागल्या साली अमुक तारखेला लावला होता, यंदाही तेव्हाच लावू,” असे म्हणणारा इथेच फसतो. पंचांग भिंतीवर असते, पण ते आपण लग्नाच्या मुहूर्तासाठी पाहतो, झेंडूच्या लागणीसाठी पाहत नाही.

झेंडूचा हिशेब सोपा आहे. रोप शेतात लावल्यापासून साधारण साठ-पासष्ट दिवसांनी फुले सुरू होतात आणि पुढे आठ-दहा दिवसांत बहर भरात येतो. म्हणून दसऱ्याच्या पंचाहत्तर दिवस आधी लागण आणि त्याच्या पंचवीस दिवस आधी बी टाकणे, असे शंभर दिवस धरावेत. दसरा २० ऑक्टोबरला असेल तर १२ जुलैच्या सुमारास बी पडले पाहिजे आणि ६ ऑगस्टच्या सुमारास लागण झाली पाहिजे. दसरा २ ऑक्टोबरला असेल तर बी २४ जूनलाच टाकावे लागते. संकरित वाण काही लवकर येतात. पाकिटावर दिवस छापलेले असतात, ते वाचून फरक करावा.

सगळे क्षेत्र एकाच दिवशी लावू नये. निम्मे दसऱ्याच्या हिशेबाने आणि निम्मे दिवाळीच्या हिशेबाने लावावे. एक सण पावसाने धुतला तर दुसरा हाती राहतो. आपल्या जिल्ह्यात सप्टेंबर हा भर पावसाचा महिना. २०२५ च्या सप्टेंबरात अतिवृष्टी झाली ती कोणी विसरलेले नाही.

शेवंतीचे गणित निराळे

शेवंती अधिक महिना जाणत नाही. ती रात्र ओळखते. दिवस लहान व रात्र मोठी होऊ लागली की ती फांदी वाढवणे सोडून कळी धरते. आपल्या भागात जूनमध्ये दिवस सुमारे सव्वातेरा तासांचा असतो, तो डिसेंबरात अकरा तासांवर येतो. झाडे दिवस-रात्रीच्या लांबीवरून फुलायचे ठरवतात, ही गोष्ट अमेरिकेत गार्नर आणि अलार्ड या दोन शास्त्रज्ञांनी १९२० साली तंबाखू, सोयाबीन वगैरे पिकांवर दाखवून दिली. हरितगृहवाले आज याच नियमावर शेवंतीवर काळे कापड ओढतात किंवा रात्री दिवे लावतात आणि हव्या त्या महिन्यात फूल आणतात.

आपल्या उघड्या रानात याचा अर्थ काय? शेवंती महिनाभर लवकर लावली म्हणून फूल महिनाभर लवकर येईल असे नाही. झाड तेवढे मोठे होईल, फूल मात्र आपल्या वेळेला येईल. म्हणून दसरा ऑक्टोबरच्या आरंभी येतो त्या साली त्यासाठी शेवंतीवर भिस्त ठेवू नये; ती दिवाळीची आणि त्यानंतरच्या लग्नसराईची समजावी. दुसरे असे की, शेवंतीचा प्लॉट रस्त्याच्या किंवा वस्तीवरच्या रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली घेऊ नये. उजेडातल्या ओळी हिरव्यागार राहतात आणि मागे पडतात. मग आपण विनाकारण औषधवाल्याला दोष देतो.

जमीन आणि लागण

उसाची भारी काळी जमीन फुलांना मानवतेच असे नाही. पाणी साचले की झेंडूला मूळकूज आणि शेवंतीला मर लागते. उसाला दुय्यम वाटणारा, मुरमाड, पाण्याचा निचरा होणारा तुकडा फुलांना द्यावा. चोपण रानाच्या वाटेला जाऊ नये. चांगले कुजलेले शेणखत किंवा मळीचे कंपोस्ट शेवटच्या पाळीआधी मिसळावे. रासायनिक खताचा हप्ता मातीपरीक्षण करून ठरवावा. युरियाचा हात सैल सोडला तर झाड माजते, पाला वाढतो आणि फूल कमी येते.

झेंडूचे बी गादीवाफ्यावर टाकावे, म्हणजे रोपे कुजत नाहीत. दोन फुटांच्या सरीवर दीड फुटावर एक रोप लावले तर एकरी सुमारे साडेचौदा हजार, म्हणजे दहा गुंठ्यांना साडेतीन हजारांच्या वर रोपे लागतात. दहा टक्के जास्त तयार ठेवावीत. लागण संध्याकाळी, वाफशावर करावी.

शेवंती काश्यांपासून लावतात. मागील बहर संपल्यावर बुडाशी फुटलेल्या निरोगी काश्या राखून ठेवाव्यात आणि मे-जूनमध्ये दोन फूट बाय एक फुटावर लावाव्यात. रोगट झाडाची काशी घेणे म्हणजे रोग हाताने लावणे. झिप्री, राजा, रेवडी हे वाण आपल्याकडे माहितीचे आहेत. ॲस्टर घ्यायची असेल तर राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे फुले गणेश मालिकेतील पांढरे, गुलाबी, जांभळे वाण आहेत.

शेंडा खुडणे आणि राखण

लागणीनंतर महिन्याभराने झेंडूचा शेंडा खुडावा. मन होत नाही, पण एका फांदीच्या जागी चार-पाच फांद्या फुटतात. वरचा शंभर दिवसांचा हिशेब ही खुडणी धरूनच केलेला आहे. उशिरा खुडाल तर फूलही उशिरा येईल. शेवंतीचा शेंडा दोनदा खुडला तरी चालतो, मात्र ऑगस्ट संपल्यावर तिला हात लावू नये. त्यानंतर आपण शेंडा नव्हे, कळी खुडत असतो. याच सुमारास झाडांना मातीची भर द्यावी. ओळींमध्ये उसाचे पाचट अंथरले तर ओल टिकते आणि तणही दबते.

उघडीप पडली की झेंडूवर लाल कोळी येतो. पाने राखट पडून जाळी दिसते. ढगाळ, ओलसर हवेत करपा येतो. करप्याची पहिली पाने दिसताच ती काढून नष्ट करावीत आणि दहा लिटर पाण्यात २५ ग्रॅम मँकोझेब घेऊन फवारावे. शेवंतीवरील माव्याला पाच टक्के निंबोळी अर्क पुरतो. तोडणीच्या तोंडावर विषारी औषध मारू नये. ही फुले देवाच्या पायावर आणि लेकराबाळांच्या हातात जातात.

तोडणी, बाजार आणि पुढचे पीक

फूल पूर्ण उमलल्यावर सकाळी लवकर किंवा संध्याकाळी तोडावे, सावलीत पसरावे आणि ओले फूल पोत्यात कोंबू नये. सततच्या तोडणीने झेंडू दीड-दोन महिने चालतो. चांगल्या प्लॉटला एकरी सहा-सात टन माल निघतो. दहा गुंठ्यांचा दीड टन धरला तरी तोडायला माणसे कोण, हे लागणीच्या आधीच ठरलेले असावे. सणाच्या चार दिवसांत मजूर कुणालाच मिळत नाही.

गिऱ्हाईक एकच ठेवू नये. शिर्डीच्या मंदिरात करोनाकाळात, २०२० साली, हार-फुले नेणे बंद झाले, ते २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा सुरू झाले. ज्यांचे सगळे फूल त्या एका दाराशी जात होते त्यांचे काय झाले असेल, हे सांगायला नको. थोडा माल नगरला, थोडा पुण्याच्या गुलटेकडीला किंवा मुंबईला दादरला आणि थोडा गावच्या हारवाल्याला, अशी वाटणी असावी.

झेंडूचा शेवटचा फायदा जमिनीत राहतो. त्याच्या मुळांतील द्रव्याने सूत्रकृमी कमी होतात. टोमॅटोच्या सोळा ओळींमागे झेंडूची एक ओळ घातली की फळ पोखरणारी अळी झेंडूकडे ओढली जाते. दिवाळीनंतर निरोगी झाडे रानातच गाडावीत. डिसेंबरच्या मध्यापासून सुरू उसाच्या लागणीला रान मोकळे होते. म्हणजे फुलाने उसाची जागा अडवली नाही, उलट रान तयार करून दिले.

पहिल्या वर्षी दहा गुंठ्यांच्या पुढे जाऊ नका. बी कधी टाकले, लागण कधी केली, पहिले फूल कधी दिसले आणि शेवटची पाटी कोणत्या भावाने गेली, हे वहीत लिहून ठेवा. पुढच्या साली सण जेवढे दिवस सरकेल तेवढीच बी टाकण्याची तारीख सरकवायची आहे, आणि ते गणित घरातले शाळकरी पोरसुद्धा करून देईल.